संधिविग्रहाचे एक उपकरण : द्विदल झडप उघडणाऱ्या फुग्याचा इतिहास

चिमूर तालुक्यातील भिसी किंवा नेरीकडची एखादी तरुण स्त्री पहिल्या गरोदरपणात दम लागून बेजार होते. रात्री उशाला आधार दिल्याशिवाय तिला झोप लागत नाही. घरची माणसे प्रथम तो अशक्तपणा समजतात, नंतर दमा समजतात. आणि अखेरीस नागपूरच्या एखाद्या रुग्णालयात तिच्या हृदयाची झडप आकसल्याचे निदान होते. अशा हकिकती आपल्या भागाला अपरिचित नाहीत. लहानपणी घसा सुजतो, मागाहून ताप येतो व सांधे धरतात. हा संधिवाताभ ज्वर ओसरला तरी हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवून जातो, आणि ती खूण पुष्कळदा दहा-वीस वर्षांनी उघडकीस येते. ही झडप छाती न उघडता मोकळी करणारे जे उपकरण आज वापरात आहे, त्याची घडण कसकशी होत गेली हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि ह्या उपकरणाचा इतिहास हा बव्हंशी एका क्रियेला योग्य नाव सापडण्याचा इतिहास असल्यामुळे त्यात भाषेच्या अभ्यासकालाही काही सांगता येईल, असे वाटते.

हृदयाच्या डाव्या बाजूस वरचा व खालचा असे दोन कप्पे असून त्यांच्या मध्ये दोन पाळ्यांची झडप असते. सोळाव्या शतकात व्हेसॅलियसने तिला ख्रिस्ती धर्मगुरूच्या दुभंगलेल्या टोपीची उपमा दिली, आणि त्यावरून ‘मायट्रल’ हे नाव रूढ झाले. मराठीत तिला द्विदल झडप म्हणतात. निरोगी प्रौढ माणसात तिचे द्वार चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. रोगाने ते एक चौरस सेंटिमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली येते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. द्वार लहान होते ते प्रामुख्याने दोन पाळ्यांच्या कडा जेथे एकमेकींना भेटतात तेथील सांधे चिकटल्यामुळे. अर्थात उपाय करावयाचा तो त्या सांध्यांवर. हे आज सोपे वाटते. परंतु ते उमगण्यास पाव शतक लागले.

१९२३ साली बोस्टनच्या एलियट कटलर ह्यांनी एका मुलीच्या झडपेवर चाकू चालवला आणि ती काही वर्षे जगली. पुढे त्यांनी झडपेचा तुकडाच कापून काढणारे हत्यार योजिले. त्या रुग्णांपैकी कोणी फार काळ वाचले नाही, कारण आकुंचनाच्या जागी गळती आली. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर ह्यांनी हृदयात बोट घालून झडप मोकळी केली. रुग्ण बरी झाली, पण वैद्यांनी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठवला नाही. १९४८ साली फिलाडेल्फियात चार्ल्स बेली, बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन व लंडनमध्ये रसेल ब्रॉक ह्या तिघांनी स्वतंत्रपणे यश मिळवले. बेलींचे आधीचे चारही प्रयत्न फसले होते. एकाच क्रियेला तिघांनी तीन नावे दिली : ब्रॉक झडप ‘छेदणे’ म्हणत, हार्केन झडप ‘घडवणे’ म्हणत, आणि बेलींनी ‘कमिशुरॉटमी’, म्हणजे सांधा उकलणे, हा शब्द योजिला. नेमका शब्द बेलींचा होता. आपल्या व्याकरणात संधिविग्रह करताना आपण शब्द कोठेही तोडत नाही. दोन वर्ण जेथे मिळाले तेथेच ते वेगळे करतो. वैद्यकातील ही क्रिया तशीच आहे. आपल्या देशात वेल्लोर येथे, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी ह्यांच्या हातून, विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात ही शस्त्रक्रिया रुजली. पुढे बोटाच्या जागी टब्ज ह्यांचे दोन पात्यांचे धातूचे विस्फारक आले. छाती उघडणे मात्र टळले नव्हते.

छाती न उघडता हृदयात शिरण्याची वाट दुसरीकडे तयार होत होती. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान ह्यांनी स्वतःच्या दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. १९५९ साली दोन वरच्या कप्प्यांमधील पडदा सुईने भेदून उजवीकडून डावीकडे जाण्याची रीत प्रसिद्ध झाली. १९६६ साली विल्यम रॅशकिंड ह्यांनी नवजात बालकांत तोच पडदा फुग्याने फाडून जीव वाचवले, आणि १९७७ साली झुरिक येथे आन्द्रेआस ग्रुंट्झिग ह्यांनी हृदयाची रोहिणी फुग्याने रुंदावली. १९८२ साली जीन कॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाकडे जाणाऱ्या मार्गावरील झडप फुग्याने उघडल्याचे प्रसिद्ध केले. वाट, सुई व फुगा ही तिन्ही साधने आता उपलब्ध होती. द्विदल झडपेस योग्य असा फुगा तेवढा हवा होता.

तो जपानी शल्यचिकित्सक कांजी इनोऊए ह्यांनी घडवला. १९८२ साली त्यांनी तो प्रथम रुग्णावर वापरला व १९८४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अडचण अशी होती की सरळ नळकांड्यासारखा फुगा धडधडत्या हृदयात झडपेवर स्थिर राहत नाही; भिजलेल्या साबणासारखा तो पुढे किंवा मागे निसटतो, आणि पुढे निसटल्यास हृदयाची भिंत फुटण्याचे भय असते. इनोऊए ह्यांनी रबराच्या दोन थरांमध्ये विणलेली जाळी बसवली आणि फुग्याच्या निरनिराळ्या भागांचा ताण निरनिराळा ठेवला. परिणामी फुगा एकदम फुगत नाही. प्रथम पुढचा भाग फुगतो. तो मागे ओढून झडपेला टेकवितात. मग मागचा भाग फुगतो, आणि झडप डमरूच्या कमरेत सापडावी तशी दोहोंमध्ये धरली जाते. शेवटी कंबर फुगते आणि चिकटलेले सांधे उकलतात. हे सारे काही सेकंदांत आटोपते. शिवाय आत भरलेल्या द्रवाच्या मापाने एकाच फुग्याचा व्यास कमीअधिक करता येतो. म्हणून लहान मापापासून प्रारंभ करून, दर वेळी झडप तपासत, पुढे जाता येते. मापाचा एक ठोकताळाही रूढ आहे : उंचीच्या सेंटिमीटरांना दहाने भागून त्यात दहा मिळवावे, दीडशे सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीस पंचवीस मिलिमीटर. एवढा फुगा ताणून बारीक करून चार मिलिमीटर जाडीच्या नळीसह मांडीतील शिरेतून आत जातो.

भारतात ह्या कार्याचा प्रारंभ लवकर झाला. १९८५ साली जेम्स लॉक ह्यांनी डॉ. खलिलुल्ला आदी दिल्लीतील वैद्यांसह आठ मुले व तरुण ह्यांच्या झडपा साध्या फुग्याने उघडल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. परंतु शस्त्रक्रिया चांगली की फुगा, हा प्रश्न तौलनिक प्रयोगावाचून सुटणारा नव्हता. तो प्रयोग हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये झाला. बल्लारशाहहून काझीपेटमार्गे रेल्वेने जेथे पोहोचता येते, ते हे हैदराबाद. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार साठ रुग्णांपैकी निम्म्यांची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर फुगा वापरला गेला. तीन वर्षांनंतर फुग्याच्या गटात झडपेचे सरासरी क्षेत्र २.४ चौरस सेंटिमीटर होते, शस्त्रक्रियेच्या गटात १.८. जगातील उपचारपद्धतीला वळण देणारा हा पुरावा आपल्या शेजारच्या नगरात सिद्ध झाला, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

किमतीचा प्रश्न मात्र उरलाच. एकदाच वापरण्यासाठी केलेला फुगा आपल्याकडे निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याचा प्रघात पडला, तो गरजेपोटी. हीच गरज ओळखून फ्रान्सच्या आलँ क्रिबिए ह्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस पुनःपुन्हा वापरता येईल असे धातूचे उपकरण केले. ते टब्ज ह्यांच्याच विस्फारकाचे शिरेतून जाणारे रूप होते. उपकरणांचा इतिहास सरळ रेषेत पुढे जातो ही समजूत ह्या उदाहरणाने ढिली होते.

फुगा सर्वांस लागू पडत नाही. झडप चुनखडीने कठीण झाली असल्यास, वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी असल्यास किंवा आधीच मोठी गळती असल्यास तो वर्ज्य ठरतो. पाळी फाटून गळती होण्याचा धोका उरतोच, आणि उकललेले सांधे काही वर्षांनी पुन्हा चिकटूही शकतात. तरीही आरंभी उल्लेखिलेल्या स्त्रीच्या पोटाभोवती शिशाचे आवरण बांधून तिची झडप गरोदरपणातच मोकळी करता येते, आणि दोन जीव वाचतात. वस्तुतः तिच्या बालपणीच्या घसादुखीवर वेळेवर पेनिसिलिन मिळाले असते, आणि ताप येऊन गेल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी त्याचे इंजेक्शन चालू राहिले असते, तर बहुधा ह्या फुग्याची वेळच आली नसती. जो संधी मुळात होऊच दिला नाही, त्याचा विग्रह करावा लागत नाही.