बऱ्हाणपूरची वाट आणि गाडीची उंची

गडाच्या पायथ्याशी किंवा रानवाटेवर उभ्या असलेल्या जीपगाड्यांकडे पाहिले म्हणजे हल्ली एक गोष्ट चटकन नजरेत भरते. त्यांतील काही गाड्या कारखान्यातून निघाल्या त्याहून दोन-चार इंच उंच झालेल्या असतात. ही हौस नवी खरी; परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे. गाडी जमिनीपासून किती उंच असावी? या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा तर बऱ्हाणपुरासारखे ठिकाण नाही.

तापीकाठी फारुकी सुलतानांनी वसविलेले हे नगर सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्याची खिंड राखणारा असीरगड. १६०१ साली अकबराने तो घेतला आणि दक्षिणेचे दार मोगलांना मोकळे झाले. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो याच वाटेने जाताना बऱ्हाणपुरास शाहजादा परवेझला भेटला. पुढे अजमेरास त्याने जहांगीरला ज्या भेटी दिल्या, त्यांत एक विलायती घोडागाडी होती. बादशहाने ती सुटी करवून आपल्या कारागिरांकडून तशीच दुसरी बनवून घेतली आणि मूळ गाडीचे आतले अस्तर बदलून तेथे उंची मखमल लावविली. परक्या गाडीला आपल्या मनासारखे रूप देण्याची हौस या देशात किती जुनी आहे, ते यावरून दिसते.

परंतु मखमलीने खड्डे बुजत नाहीत. १६४१ साली बऱ्हाणपुराहून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने त्या काळच्या मालगाड्यांचे वर्णन करून ठेवले आहे. एकेका गाडीला दहा-बारा बैल जुंपलेले असत आणि बरोबर चार शिपाई, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. गाडीवरून दोन दोर टाकलेले असत व त्यांची चार टोके या चौघांच्या हाती. अवघड जागी गाडी एका बाजूस कलू लागली की दुसऱ्या बाजूचे दोघे दोर ताणून धरीत आणि तिला सावरीत. उंच लादलेल्या गाडीचा तोल हा प्रश्न त्या लोकांनी मनुष्यबळाने सोडविला होता.

१६८१ च्या आरंभी हंबीरराव मोहित्यांची मराठी फौज बऱ्हाणपुरावर अकस्मात कोसळली, तेव्हा तिने मात्र चाकाचा प्रश्नच निकालात काढला होता. घोड्याला ना आस, ना कमान!

चाकाला लवचीकपणा आला तो पुढे. १८०४ साली ओबाडाया इलियट या इंग्रजाने पोलादी पट्ट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि जड सांगाड्यावाचून गाडी कमानीवर तोलणे शक्य झाले. आपले मेकॅनिक ज्यांना ‘पाटे’ म्हणतात, ते याच कुळातले. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप चारही चाकांवर असल्याच पाट्यांनी उभी होती. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि जीप हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत मराठी होऊन गेला.

ही गाडी उंच करावयाची ती कशी? चासीला भक्कम टेकू देऊन चाके काढतात, यू-बोल्ट सोडवितात आणि अधिक बाकाचे पाटे बसवितात. पाट्याच्या एका टोकाचे शॅकल लांब करणे हा स्वस्तातला उपाय. पण दुसरे टोक जागीच असल्याने शॅकल दोन इंच वाढविले तरी गाडी जेमतेम एक इंच उचलते, शिवाय आसाचा कोन बिघडतो. पाटे बदलले की काम संपले असेही नाही. शॉकॲब्सॉर्बर लांब हवेत, ब्रेकच्या नळ्या ताणता कामा नयेत, प्रोपेलर शाफ्ट व स्टिअरिंगच्या दांड्या यांचे कोन पुन्हा पाहावे लागतात. रबरी बुश असतील तर गाडीचा भार चाकांवर आल्यावरच बोल्ट अखेरचे आवळावयाचे.

आणि एवढे करून मिळते काय? चासी उंचावते, पण आसाच्या मध्यावरचा दंतचक्रांचा गोळा, जो दगडाला प्रथम लागतो, तो तसूभरही वर येत नाही. तो वर येतो केवळ मोठ्या टायरने, आणि तोही टायरचा व्यास वाढेल त्याच्या निम्माच. उलट भारमध्य मात्र निश्चित वर सरकतो. समजा, दोन चाकांत ४८ इंच अंतर आहे व भारमध्य २४ इंचांवर आहे. अशी गाडी ४५ अंशांपर्यंत कलली तरी हिशेबाने सावरेल. भारमध्य ४ इंच वर गेला की ही मर्यादा ४० अंशांच्या आसपास येते. पाटे दबतात व वळणावर गाडी झुकते, म्हणून प्रत्यक्षात ती याहूनही कमी. नोंदणीपत्रातील तपशील मूळ नमुन्याशी विसंगत ठरेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला मान्य नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच दंडक अधोरेखित केला. तो निव्वळ कागदी नव्हे, हे वरील हिशेबावरून ध्यानात येईल.

उंचीची गरज कधीच नसते, असे मला म्हणावयाचे नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोरीत रुतलेल्या गाडीला दोन इंचांचे मोल कळते. तथापि वाढविलेल्या प्रत्येक इंचाची किंमत तोलाच्या रूपाने मोजावी लागते, आणि ती नेहमी चालविणाराच मोजतो असे नाही. मागच्या बाकावर विश्वासाने बसलेली माणसेही मोजतात. ताव्हेर्नियेच्या काळी मालाचा धनी चार शिपायांना पदरचा पगार देऊन दोर धरवीत असे. आज ते शिपाई नाहीत आणि दोरही नाहीत. म्हणून पाटे बदलण्यापूर्वी, आपल्या गाडीचा दोर कोणाच्या हाती आहे, एवढे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.