मनोरमेची शाळा

वसई, मुंबई, पुणे येथील आपल्या धर्मग्रामांतून अनेक कुटुंबे आखाती देशांत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात जातात. नोकरी मिळते, घराची सोय होते. पण मुलांना तेथे कोणत्या शाळेत घालावे, या प्रश्नाने आईवडिलांची झोप उडते. हा प्रश्न आजचा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी मातेला तो सोडवावा लागला होता. ती माता म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या चरित्रातील इतर पर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आपण केवळ त्यांच्या मुलीच्या शिक्षणाचा विचार करू.

रमाबाईंचे पती बिपिन बिहारी मेधावी १८८२ साली वारले. त्या वेळी कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पुढच्याच वर्षी वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने रमाबाई मुलीसह इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या धर्मभगिनींनी मायलेकींना आश्रय दिला. या संघाचे कार्य पुण्यातही चालू असल्याने ओळख आधीचीच होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी दोघींचा स्नानसंस्कार झाला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला आणि १८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. मनोरमा बरेचदा वाँटेजच्या भगिनींपाशीच राही.

येथेच मतभेदाला आरंभ झाला. सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. परंतु मुलीच्या संगोपनाबाबत दोघींची मने जुळेनात. रमाबाईंना पवित्र त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका होत्या. जे आपल्याला अद्याप पटलेले नाही, ते आपल्या अजाण मुलीला शिकवले जाऊ नये, असे त्यांनी पत्रांतून निक्षून कळवले. मुलीने परदेशी बनावे हेही त्यांना मान्य नव्हते. ती आपल्या देशबांधवांवर प्रेम करणारी, स्वतःला भारतकन्या म्हणवून घेताना संकोच न करणारी व्हावी, अशी त्यांची इच्छा होती.

धर्मसिद्धान्ताच्या बाबतीत आपण रमाबाईंची बाजू घेऊ शकत नाही. पवित्र त्रैक्य हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे. सिस्टर जेराल्डीन यांच्यावरही अन्याय होता कामा नये: स्नानसंस्कार झालेल्या बालिकेला श्रद्धेचे शिक्षण देणे हे त्या आपले कर्तव्य समजत होत्या. तरीही मुलीबाबतचा अंतिम निर्णय मातेचा, हा रमाबाईंचा आग्रह आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी विसंगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आईवडील होत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७९३ वे कलमही तेच सांगते आणि कॅथलिक शिक्षणाची योग्य साधने व संस्था निवडणे हा पालकांचा हक्क तसेच कर्तव्य मानते. हक्काबरोबर जबाबदारी येते. मूल शाळेच्या स्वाधीन केले म्हणजे आपण मोकळे झालो, असे नव्हे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मुलीला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. पुढे व्याख्यानांसाठी गावोगाव फिरणे सुरू झाले, तेव्हा मनोरमेला पुन्हा वाँटेजच्याच भगिनींकडे पाठवण्यात आले. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्यांच्याशी एवढा वाद झाला, त्यांच्याच हाती आईने मूल सोपवले! मते जुळत नसली, तरी त्या भगिनींच्या मायेवर तिचा विश्वास होता. अमेरिकेत रमाबाईंनी बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि तिच्या धर्तीवर मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचा ध्यास घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ उघडले.

मनोरमेने पुढे न्यूयॉर्क राज्यातील चेसब्रो सेमिनरीत शिक्षण घेतले. एवढे शिकूनही ती तिकडे रमली नाही. मायदेशी परतून तिने आईच्या कार्याला वाहून घेतले आणि १९१३ साली गुलबर्ग्यात मुलींच्या शाळेचे काम हाती घेतले. १९२१ साली, आईच्या आधी, तिचे निधन झाले. रमाबाई पुढच्याच वर्षी गेल्या. मुलीविषयीची त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली होती.

स्थलांतर समुद्रापलीकडचेच असते असे नाही. नारायणगडाला धाकटी पंढरी मानणाऱ्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्यापुढे शाळांची निवड नसते. मुलाला सोबत न्यावे की गावी आजीआजोबांपाशी वा वसतिगृहात ठेवावे, एवढाच प्रश्न असतो. ज्यांना निवड करता येते, त्यांनी ती देवाची देणगी समजावी.

म्हणून परदेशी निघालेल्या आपल्या कुटुंबांना आमचे एवढेच सांगणे आहे: शाळेची फी व इमारत पाहाच, पण तेथे मुलाला श्रद्धेचे शिक्षण मिळेल काय, न मिळाल्यास जवळच्या धर्मग्रामात त्याची सोय आहे काय, हेही विचारा. आणि घरी मराठीत प्रार्थना चालू ठेवा. ते काम कोणतीही शाळा आपल्यासाठी करणार नाही.