भिंत कोणी मागितली?

अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘चर्च आणि राज्यसंस्था यांच्यामधील भिंत’ असे शब्द कुठेही नाहीत. तरीही गेली पाऊणशे वर्षे तिथल्या न्यायालयांत, निवडणुकांच्या सभांत आणि शाळांच्या मंडळांत जो वाद पेटत राहिला आहे, तो या न लिहिलेल्या भिंतीवरून. हे शब्द आले एका पत्रातून. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी ते कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी परिसरातील बॅप्टिस्ट मंडळींना लिहिले.

या पत्राविषयी लिहिणारे बहुतेक जण जेफरसनपासून सुरुवात करतात आणि जेफरसनपाशीच थांबतात. जेफरसन बुद्धिवादी, येशूचे चमत्कार न मानणारे. त्यामुळे ही भिंत म्हणजे अश्रद्धांनी श्रद्धाळूंवर लादलेली गोष्ट, असा समज पक्का होतो. पण ते पत्र उत्तरादाखल लिहिलेले होते, आणि ज्यांच्या पत्राला ते उत्तर होते ते लोक त्या काळच्या अमेरिकेतले सर्वांत कट्टर श्रद्धाळू म्हणावेत असे होते. भिंत त्यांना हवी होती. का हवी होती, हे समजून घेतले की आजच्या वादाचे रूपच बदलते, असे मला वाटते.

दाखल्याचे राज्य

१७८७ च्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई केली. १७९१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली. तिने धर्मसंस्था स्थापन करणारा किंवा धर्मपालनाला आडकाठी करणारा कायदा करण्याची मनाई केली. पण ती फक्त केंद्रीय काँग्रेसला. राज्ये मोकळीच राहिली.

कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्च हे राज्याचे अधिकृत चर्च होते. जुन्या प्युरिटन वसाहतकारांचे हे चर्च. गावातल्या धर्मोपदेशकाचा पगार गावावर बसवलेल्या करातून निघे. बॅप्टिस्ट, एपिस्कोपल, क्वेकर अशा इतर पंथांच्या लोकांना हा कर चुकवता येई. पण त्यासाठी आपण अमुक पंथाचे आहोत आणि तिथल्या उपासनेला नियमित जातो, असा दाखला दाखल करावा लागे. १७९१ च्या मे महिन्यात तर या दाखल्यावर सरकारी अधिकाऱ्यांच्या सह्या सक्तीच्या झाल्या. हे अधिकारी बहुधा काँग्रिगेशनल. म्हणजे ज्या चर्चचा कर टाळायचा, त्याच चर्चच्या माणसाकडे सहीसाठी जायचे! ओरड झाली, त्याच वर्षी सह्यांची अट गेली. दाखला मात्र राहिला.

बॅप्टिस्टांचा आक्षेप पैशापुरता नव्हता. त्यांच्या मते माणूस जाणता झाल्यावर स्वतःच्या श्रद्धेने बाप्तिस्मा घेतो. तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता. श्रद्धा ही माणूस आणि देव यांच्यातली गोष्ट असेल, तर तिचा दाखला सरकारदरबारी का द्यायचा? दाखला देणे म्हणजे तो मागण्याचा सरकारचा अधिकार मान्य करणे. ७ ऑक्टोबर १८०१ च्या पत्रात डॅनबरीकरांनी जेफरसनना कळवले ते हेच : आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य मिळते ते हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून मिळते. राष्ट्राध्यक्षांना राज्याचे कायदे बदलता येत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होते आणि तसे त्यांनी लिहिलेही.

निवडणुकीत देव

हे पत्र ज्यांना लिहिले त्यांची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, आणि ती देवाच्या नावावर लढवली गेली होती. एका बाजूला अध्यक्ष जॉन अॅडम्स यांचा फेडरलिस्ट पक्ष, दुसऱ्या बाजूला जेफरसन यांचा रिपब्लिकन पक्ष. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा संबंध नाही; तो पक्ष १८५४ चा.) फिलाडेल्फियाच्या एका फेडरलिस्ट पत्राने मतदारांपुढे सरळ निवड ठेवली : देव आणि धार्मिक अध्यक्ष, की जेफरसन आणि देव नाही? न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक विल्यम लिन आणि जॉन मेसन यांनी पत्रके काढली. जेफरसन यांनी व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात, शेजारी किती देव मानतो याने आपले काही बिघडत नाही, अशा अर्थाचे विधान केले होते. त्या एका विधानावर लिन यांनी नास्तिकतेचा आरोप उभा केला.

दुसरी बाजूही गप्प नव्हती. अॅडम्स यांनी १७९८ आणि १७९९ मध्ये राष्ट्रीय उपवासाचे दिवस जाहीर केले होते. अॅडम्सना प्रेस्बिटेरियन चर्च राष्ट्रीय चर्च करायचे आहे, अशी आवई उठली, आणि छोट्या पंथांचे लोक बिथरले. या उपवासांनी आपले अध्यक्षपद घालवले, असे अॅडम्स यांनी १८१२ मध्ये बेंजामिन रश या मित्राला लिहिले आहे. पराभूत माणसाचे विश्लेषण म्हणून त्यातून थोडे वजा करावे लागेल. पण राज्यकर्त्याने धर्माचा हात धरला की ज्यांचा धर्म वेगळा ते दचकतात, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

जेफरसन आणि त्यांचेच सहउमेदवार एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली, अॅडम्सना ६५. बरोबरीचा निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, छत्तिसाव्या फेरीत, जेफरसन निवडून आले.

चीज आणि खोडलेल्या ओळी

१ जानेवारी १८०२ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. मॅसॅच्युसेट्समधील चेशायर या छोट्या गावाहून जॉन लीलंड हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक १,२३५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ५६० किलोंचे, एकच एक चीज घेऊन अध्यक्षांच्या दारात पोहोचले. गावातल्या गाईंचे दूध एकत्र करून ते बनवले होते. त्यात एकाही फेडरलिस्ट गाईचे दूध नाही, अशी थट्टा सांगितली जाते. चीज बनवताना कोणा गुलामाचा हात लागलेला नाही, हेही चेशायरकरांनी आवर्जून कळवले. आणि ही भेट स्वीकारणारा माणूस स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता. दाखल्याच्या कायद्याविरुद्ध १७९१ मध्ये पत्रक लिहिणारे लीलंड ते हेच. चीज फुकट घेणे जेफरसनच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यांनी लीलंड यांना २०० डॉलर दिले.

त्याच दिवशी जेफरसन यांनी डॅनबरीच्या पत्राला उत्तर लिहिले. त्याचा मसुदा त्यांनी आधी दोन सहकाऱ्यांना दाखवला होता : मॅसॅच्युसेट्सचे लीव्हाय लिंकन आणि कनेक्टिकटचे गिडियन ग्रेंजर. दोघेही न्यू इंग्लंडचे, म्हणजे तिथल्या मतदारांची नाडी जाणणारे. आपण उपवासाचे किंवा आभाराचे दिवस का जाहीर करत नाही, हे जेफरसनना या पत्राच्या निमित्ताने सांगायचे होते. लिंकन यांनी सुचवले की आभाराचे दिवस ही पूर्वेकडच्या राज्यांतली जुनी चाल आहे. तुमचे वाक्य आपल्याच पक्षाच्या लोकांना बोचेल. जेफरसन यांनी त्या ओळी खोडल्या आणि समासात कारणही लिहून ठेवले. भिंत ‘शाश्वत’ आहे असे आधी लिहिले होते, ते विशेषणही गेले. खोडलेला मजकूर १९९८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने एफबीआयच्या प्रयोगशाळेकडून वाचून घेतला.

दोन दिवसांनी, ३ जानेवारीच्या रविवारी, जेफरसन प्रतिनिधिगृहात भरलेल्या उपासनेला हजर राहिले. प्रवचन केले ते चीजवाल्या लीलंड यांनीच!

हे सगळे पुराव्यासह बाहेर आल्यावर काही अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की पत्र पक्षीय हेतूने लिहिलेले होते, मग त्यात घटनातत्त्व कसले शोधायचे? मला हा निष्कर्ष पटत नाही. पत्र राजकीय होते, हे खरे. पण ज्या मुद्द्यावर ते उभे आहे तो मुद्दा जेफरसन यांचा जुना होता. व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा मसुदा त्यांनी १७७७ मध्ये केला. जेम्स मॅडिसन यांनी १७८६ मध्ये तो मंजूर करवून घेतला, त्यातही तिथल्या बॅप्टिस्टांच्या अर्जांचे बळ होते. जी ओळ १८०२ मध्ये पक्षासाठी खोडली, तीच भूमिका जेफरसन यांनी १८०८ मध्ये सॅम्युएल मिलर या धर्मोपदेशकाला पत्रातून उघड कळवली. आपल्या थडग्यावर कोरण्यासाठी त्यांनी तीन कामे निवडली. त्यात अध्यक्षपद नाही, व्हर्जिनियाचा हा कायदा आहे. पक्षाच्या हिशेबाने ओळी वगळल्या गेल्या. तत्त्व त्या हिशेबातून जन्मलेले नव्हते.

मुंबईचा किनारा

या कथेचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. मराठीत छापखाना, शाळा आणि पुढे १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. दोघेही काँग्रिगेशनल. नॉट यांचे वडील तर कनेक्टिकटमधल्याच फ्रँकलिन गावचे धर्मोपदेशक, म्हणजे दाखला मागणाऱ्या व्यवस्थेतले.

कंपनी सरकारने या दोघांना परत जाण्याचा हुकूम दिला. परवाना नव्हता; त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू. तेव्हा त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे दाद मागितली ती सदसद्विवेकाच्या नावाने : आम्ही वरच्या आज्ञेने आलो आहोत, सरकारने आड येऊ नये. नेपियन यांनी सबुरी दाखवली आणि मिशन टिकले. हॉल आणि नॉट यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण ज्या वर्षी ते मुंबईत हा युक्तिवाद करत होते, त्या वर्षी त्यांच्या मायदेशी, कनेक्टिकटात आणि मॅसॅच्युसेट्सात, त्यांचेच चर्च कराच्या पैशावर चालत होते. घरी जे चर्च सत्तेच्या मांडीवर बसले होते, ते मुंबईत सत्तेच्या दारात याचक होते; आणि दारात उभे राहिल्यावर त्याची भाषा डॅनबरीच्या बॅप्टिस्टांचीच झाली.

भिंतीच्या दोन बाजू

डॅनबरीच्या पत्राला न्यायालयीन वजन आले ते फार उशिरा. १८७९ मध्ये मॉर्मन पंथीयांच्या बहुपत्नीकत्वाच्या रेनॉल्ड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उद्धृत केले. १९४७ च्या एव्हरसन खटल्यात न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी भिंतीचे तत्त्व राज्यांनाही लागू केले. मौज अशी की भिंत उंच आणि अभेद्य असल्याचे सांगून न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कॅथलिक शाळेतल्या मुलांच्या बसभाड्याची सरकारी भरपाई योग्य ठरवली. १९८५ मध्ये न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी ही उपमाच दिशाभूल करणारी असल्याचे आपल्या विरोधी निकालपत्रात लिहिले. २०२२ मध्ये सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल लागला, सहा विरुद्ध तीन. हे सहा आणि तीन कोणत्या पक्षाच्या अध्यक्षांनी नेमलेले, हे अमेरिकेत शाळकरी मुलालाही सांगता येते.

मधल्या काळात बाजूही बदलल्या. १९६० मध्ये जॉन केनेडी या कॅथलिक उमेदवाराला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर जाऊन, चर्च आणि राज्य यांची फारकत आपल्याला पूर्णपणे मान्य आहे, अशी ग्वाही द्यावी लागली. पोपची सत्ता येईल या भीतीने तेव्हा भिंत हवी असणाऱ्यांत दक्षिणेतले बॅप्टिस्ट पुढे होते. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्यापैकी बरेच जण भिंतीविरुद्ध उभे राहिले. त्यांची धर्मतत्त्वे तीच राहिली होती. संख्या आणि पक्षातले वजन तेवढे वाढले होते.

आपल्या घटनेच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदाने, एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखलेला कर द्यायला कोणावरही सक्ती करता येणार नाही, असे म्हटले आहे. डॅनबरीकरांची तक्रार याहून वेगळी नव्हती. भारतात हे कलम वाचताना ते कोणाच्या सोयीचे आहे असा प्रश्न विचारला जातो. इतिहासाचे उत्तर सरळ आहे : जो जिथे थोडा आहे, त्याच्या. एखाद्या गावात, राज्यात किंवा परदेशात आज ना उद्या प्रत्येकजण थोडा असतो.

डॅनबरीकरांचा कर जेफरसन यांच्या पत्राने रद्द झाला नाही. त्याला आणखी सोळा वर्षे लागली, आणि तो रद्द केला पक्षीय राजकारणानेच. कनेक्टिकटात रिपब्लिकन आणि एपिस्कोपल पंथीय यांची युती झाली, तिने १८१७ मध्ये गव्हर्नरपद जिंकले आणि १८१८ च्या नव्या राज्यघटनेने अधिकृत चर्च संपवले. मॅसॅच्युसेट्सात हे व्हायला १८३३ उजाडले. लायमन बीचर हे लिचफील्डचे नामवंत काँग्रिगेशनल धर्मोपदेशक. त्यांनी जुन्या व्यवस्थेसाठी जिवाचे रान केले होते आणि पराभवानंतर ते खचून गेले. उतारवयात त्यांनीच सांगितले, की कनेक्टिकटच्या दृष्टीने याहून चांगली गोष्ट कधी घडली नाही. सरकारी आधार तुटला, म्हणून चर्च स्वतःच्या आणि देवाच्या बळावर उभे राहायला शिकले. बॅप्टिस्ट नेमके हेच सांगत होते. बीचर यांना ते कळले, पण भिंत उभी राहिल्यानंतर.