चाकांवरच्या घराची पायरी

अमेरिकेतल्या 'आरव्ही', म्हणजे चाकांवरच्या घरांचा इतिहास जुना आहे. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने 'टूरिंग लँडो' मांडली. मागची बैठक उलगडली की पलंग, ड्रायव्हरच्या पाठीमागे घडीचे बेसिन. हौस दांडगी!

पायरीकडे मात्र लक्ष उशिरा गेले. चॅसीखाली लोंबकळणारी ती दुमडती पायरी पाय ठेवताच हलते, अख्खे घर डुलते. आमच्या वयाच्या गुडघ्यांनी काय करावे? आता दारातच उभी मिटणारी, उघडल्यावर पाय जमिनीला टेकणारी पायरी मिळते. यंदा लेकाने तीच बसवली. उंबरठ्याची जमिनीपासून उंची, दाराची रुंदी मोजली. टेप मी धरली. उंबरठ्याखालची फळी कुजलेली निघाली, ती बदलल्यावरच स्क्रू घट्ट बसले.

सौ. आता कुणाचा हात न धरता उतरते.