शब्दांच्या सोयरिकीची कुळकथा

इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’ आणि ताप ‘हाय’. ज्याचं बालपण इंग्रजीत गेलं, त्याला यात विचारण्यासारखं काही दिसत नाही. आपल्या मुलांना दिसतं. मराठीत परीक्षा विद्यार्थी देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत ती विद्यार्थीच ‘टेक’ करतो. व्याकरण तोंडपाठ असलेली हुशार मुलगीसुद्धा इथे अडखळते, कारण हा नियम कुठेच लिहिलेला नसतो. कोणत्या शब्दाची कोणाशी सोयरीक जमते, एवढंच ठरलेलं असतं. अशा ठरलेल्या जोडीला भाषाशास्त्रात ‘कॉलोकेशन’ म्हणतात, आणि तिचा कसून शोध ज्यांनी घेतला त्यांतले बरेच जण परक्यांना इंग्रजी शिकवणारे होते.

या कुळातलं एक जुनं घर जपानात आहे. साइतो हिदेसाबुरो यांनी 1915 मध्ये इंग्रजी-जपानी शब्दकोश काढला तो वाक्प्रयोगांना मध्यभागी ठेवून. हॅरॉल्ड पामर हे इंग्रज शिक्षक 1922 मध्ये तोक्योला आले. जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून त्यांनी तिथे इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था उभी केली आणि 1933 मध्ये इंग्रजी कॉलोकेशन्सवरचा अहवाल छापला. त्यांची धारणा साधी होती: काही शब्दसमूह सुटे शब्द जुळवून बनवता येत नाहीत, ते अख्खेच्या अख्खे शिकावे लागतात. पामर 1936 मध्ये मायदेशी परतले. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी ते काम पुढे नेलं. शब्दकोश तयार झाला, पण तोवर जपान आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलं होतं. तरीही 1942 मध्ये तो तोक्योतच छापला गेला, हे मला आजही विलक्षण वाटतं. शत्रूची भाषा नीट कशी बोलावी हे सांगणारं पुस्तक ऐन युद्धात छापणारा प्रकाशक होता! ऑक्सफर्डने तोच कोश 1948 मध्ये काढला. ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ या नावाने आपल्याकडच्या कितीतरी घरांत असलेला जाडजूड कोश त्याचाच वंशज.

दुसरी शाखा जे. आर. फर्थ यांची. यॉर्कशरचा हा माणूस 1919 ते 1928 लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. पुढे लंडनला भाषाविज्ञान शिकवताना, 1951 च्या सुमारास, त्यांनी कॉलोकेशनला सिद्धान्ताचा दर्जा दिला. शब्दाच्या अर्थाचा काही भाग त्याच्या नेहमीच्या सोबत्यांतच असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे शिष्य मायकल हॅलिडे यांनी 1966 मध्ये दिलेलं उदाहरण तर वर्गावर्गांतून फिरलं: चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो; मोटार ‘पॉवरफुल’ असते, ‘स्ट्राँग’ म्हटली की कानाला खटकते; युक्तिवादाला मात्र दोन्ही चालतात. अर्थ जवळजवळ तोच, पण प्रसंग बदलला की सोबती बदलतो.

हे सगळं कानाने पारखलेलं होतं. डोळ्यांना दिसायला एक जुनं तंत्र कामी आलं. तेराव्या शतकात पॅरिसच्या डोमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली भिक्षूंनी लॅटिन बायबलमधल्या शब्दांची सूची केली. पहिल्या आवृत्तीत शब्द कुठे आला एवढाच पत्ता होता. आजूबाजूचं वाक्य पुढच्या आवृत्तीत आलं. शब्द त्याच्या शेजाऱ्यांसकट दाखवायचा, ही कल्पना तिथली. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस ती संगणकावर आणली: हवा तो शब्द मधल्या रांगेत एकाखाली एक, डावी-उजवीकडे त्याचा संदर्भ.

अशा हजारो ओळी जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात वाचल्या. कॉलिन्स प्रकाशनासोबतच्या ‘कोबिल्ड’ प्रकल्पातून 1987 मध्ये शब्दकोश निघाला, पण त्याहून मोलाचे होते वाटेत लागलेले शोध. ‘सेट इन’ म्हणजे सुरू होऊन मुरणं, एवढंच आपण शिकलेलो. ओळी एकाखाली एक लावल्यावर कळलं की ‘सेट इन’ होतं ते बहुतेक वेळा वाईटच: कुजणं, निराशा, संसर्ग. मायकल स्टब्स यांनी 1995 मध्ये ‘कॉज’ या निरुपद्रवी क्रियापदाचे सोबती तपासले, तर नुकसान, त्रास, आजार, मृत्यू यांचीच गर्दी. उलट ‘प्रोव्हाइड’भोवती मदत, अन्न, पैसा. मातृभाषिकांनाही विचारून हे सांगता आलं नसतं.

आणि आता कोल्हापूर. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने 1961 साली छापलेल्या मजकुरातून दहा लाख शब्दांचा संग्रह केला होता. ब्रिटिश इंग्रजीसाठी लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गन इथल्या अभ्यासकांनी त्याच मापाचा दुसरा केला. भारतीय इंग्रजीचा संग्रह शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी उभा केला: 1978 सालचे 500 उतारे, प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे, वर्तमानपत्रांपासून कथा-कादंबऱ्यांपर्यंत. या कामाचं कौतुक आपल्याकडे फारच थोडं झालं. आपली इंग्रजी चुकांची यादी म्हणून तपासण्याऐवजी ती इतर दोघींच्या शेजारी ठेवून वाचण्याची सोय त्यामुळे झाली.

‘डू द नीडफुल’ घ्या. पत्राच्या शेवटी हे आलं की आजचा इंग्रज वाचक थबकतो. पण ही जोडी आपण घडवलेली नाही. ती ब्रिटिशांच्याच पत्रव्यवहारातून आली, तिकडे मागे पडली आणि इकडच्या कचेऱ्यांत टिकली. तिच्यावर लाल रेघ मारणाऱ्या शिक्षकांशी मी सहमत नाही. तिकडच्या मुलाखतीत ती टाळावी, इथल्या अर्जात खुशाल लिहावी. कोल्हापूरचा संग्रह पुढे बर्गनच्या आंतरराष्ट्रीय संग्रहातून ब्राउनसोबत वाटला गेला, आणि अशा जोड्या तिन्ही इंग्रज्यांत कुठे, किती वेळा येतात हे जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला स्वतः मोजून पाहता येऊ लागलं.