उभ्या माणसाची रेषा

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलंय. जिल्ह्यात तालुक्यांची 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' अशी वाटणी होते, तीही याच रांगेमुळे. म्हणून उभ्या माणसाच्या झटपट रेखाटनाची कुळकथा इथून सांगायची, तर मुंबईच्या आधी शेजारच्या लेण्यांत शिरावं लागतं.

अजिंठ्याच्या भिंतीवर आधी मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग कावेनं काढलेली बाह्यरेषा. रंग त्यानंतर. पहिल्या लेण्यातला पाचव्या शतकातला पद्मपाणी पाहा. खांदे एकीकडे कललेले, कंबर दुसरीकडे गेलेली, मान पुन्हा वळलेली. शरीराचा भार कुठे आहे, हे पायांकडे न बघताही कळतं. मला तरी हीच आपल्याकडच्या 'फिगर'ची पहिली शाळा वाटते.

1844 मध्ये मद्रासच्या सैन्यातला रॉबर्ट गिल या चित्रांच्या नकला करायला आला. त्याची वर्षानुवर्षांची मेहनत 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. मग 1872 पासून 1885 पर्यंत जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा करत राहिला. त्यांतल्याही कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एकदा जळालेलं काम पुन्हा हाती घेणाऱ्या त्या मुंबईकर पोरांचं ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही.

जे. जे.मध्ये मात्र तेव्हा शरीराचा अभ्यास मुख्यतः ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर-प्रतींवरून व्हायचा. पुतळा थकत नाही, त्यामुळे घाईही नाही. 1919 मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलचा वर्ग सुरू केला आणि वेळेचा प्रश्न आला. माणूस उभा राहून अवघडतो, पाय बदलतो, खांदा उतरतो. तेवढ्यात त्याला कागदावर धरायचं.

असं धरण्याची रीत साधी आहे. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली एक ओळंबा कल्पायचा. माणूस एका पायावर रेलून उभा असेल, तर हा ओळंबा त्या पायाच्या घोट्यापाशी उतरतो. भाराच्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे दोन तिरपे उतार नीट पडले की नाक-डोळे नसले तरी माणूस उभा राहतो. ते चुकले, तर कितीही छाया भरा, तो कलंडतोच.

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) यात पटाईत. ऑटो रॉथफेल्डच्या 1920 मधल्या पुस्तकासाठी त्यांनी रंगवलेल्या ठिकठिकाणच्या स्त्रिया पाहिल्या, की प्रत्येकीची उभं राहण्याची ढब वेगळी दिसते. असा हात केवळ वर्गात बसून तयार होत नाही.

संग्रहालयांत अशा झटपट रेखाटनांची पेन्सिलची पानं पुष्कळदा मोठ्या तैलचित्रांच्या मागे पेटीत पडून असतात, पाटीवर नुसतं 'उभी व्यक्ती'. मला ती आधी बघायला आवडतात, कारण चित्रकारानं पहिल्यांदा काय टिपलं ते तिथेच उघडं असतं.

चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत स्मरणचित्राच्या पेपरात समोर मॉडेल नसतं. बाजाराचं दृश्य आलं, की टोपलीवाली आणि गिऱ्हाईक मनानंच उभं करावं लागतं. खामगावच्या किंवा मलकापूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघणारी माणसं वहीत टिपत आलेल्या मुलांना तिथे खोडरबर फारसा लागत नाही.