किल्लारी भूकंपातील (१९९३) बचावकर्मी आणि त्यांचे दीर्घकालीन आरोग्य : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासात हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर जनमानसावर सर्वाधिक खोल परिणाम करणारी घटना म्हणून ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा उल्लेख करावा लागेल. अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा तालुका व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील उमरगा तालुका हादरला. किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी, मंगरूळ, पेठसांगवी, राजेगाव ही नावे एका दिवसात जगाला माहीत झाली. शासकीय आकडेवारीनुसार सुमारे ८ हजार, तर अन्य अंदाजांनुसार १० हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे १६ हजार लोक जखमी झाले.

या भूकंपाविषयी विपुल लेखन झालेले आहे. भूगर्भशास्त्र, पुनर्वसन, गृहरचना, अनाथ मुलांचे शिक्षण अशा अनेक अंगांनी त्याचा अभ्यास झाला. तथापि, ढिगाऱ्याखालून माणसे व मृतदेह बाहेर काढणारे, सामूहिक अंत्यसंस्कार करणारे आणि जखमींना वाहून नेणारे जे हजारो हात होते, त्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न मात्र इतिहासलेखनाच्या कक्षेबाहेरच राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात या दुर्लक्षित प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) १९९३ च्या बचावकार्याचे स्वरूप व त्यातील धोके समजून घेणे. २) अग्निशमन व बचाव सेवेतील दीर्घकालीन आरोग्य परिणामांविषयी उपलब्ध ज्ञानाच्या प्रकाशात या धोक्यांचा विचार करणे. ३) यासंबंधीच्या ऐतिहासिक साधनांची स्थिती तपासणे व ती जतन करण्याचे उपाय सुचविणे.

यासाठी वर्णनात्मक, विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धतींचा अवलंब केला आहे. हा वैद्यकीय अभ्यास नव्हे. कोणता आजार कशामुळे झाला हे ठरविण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही. परंतु ते ठरविण्यासाठी लागणारा पुरावा का शिल्लक राहिला नाही, हे विचारण्याचा अधिकार त्याला निश्चितच आहे.

ढिगाऱ्याचे स्वरूप

या प्रदेशातील घरे काळ्या दगडाच्या जाड भिंतींची, मातीत रचलेली आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जड थर दिलेली होती. यालाच आपण माळवदाची किंवा धाब्याची घरे म्हणतो. उन्हाळ्यात गारवा देणारे हे माळवद दरवर्षी नव्या मातीच्या थराने अधिकच जड होत जाई. ६ पेक्षा थोड्या अधिक रिश्टर तीव्रतेच्या धक्क्यात एवढी जीवितहानी होण्याचे प्रमुख कारण हीच गृहरचना होती. दगडी भिंती कोसळल्या आणि माती झोपलेल्या माणसांवर आली. अनेकांचा मृत्यू दगडाच्या आघाताइतकाच मातीने श्वास कोंडल्यामुळे झाला.

बचाव करणाऱ्यालाही याच दगडमातीत उतरावे लागले. पहिले बचावकर्मी म्हणजे त्या गावातील वाचलेली माणसेच होत. ज्याने शेजाऱ्याला बाहेर काढले त्याच्याच घरातील माणसे ढिगाऱ्याखाली होती. त्यानंतर शेजारच्या गावांतील तरुण, पोलीस, गृहरक्षक दल, लष्कराचे जवान, स्वयंसेवी संघटनांचे कार्यकर्ते, डॉक्टर, महाविद्यालयीन विद्यार्थी व ट्रकचालक येऊन पोहोचले. आपत्ती प्रतिसादासाठी स्वतंत्र प्रशिक्षित दल त्यावेळी देशात अस्तित्वात नव्हते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये संमत झाला आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची उभारणी २००६ मध्ये झाली. म्हणजेच १९९३ चे बचावकार्य प्रामुख्याने टिकाव, खोरे, पहार व उघडे हात यांच्या बळावर झाले. संरक्षक साधन म्हणून तोंडाला बांधलेला रुमाल हेच काय ते होते.

त्यातच पावसाने मदतकार्यात व्यत्यय आणला. भिजलेला ढिगारा उपसणे अधिक कष्टाचे झाले आणि मृतदेहांची अवस्था बिघडत गेली. पडलेल्या घरांच्याच लाकडांवर सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. हे काम करणाऱ्यांत विशी-पंचविशीतील तरुणांचा मोठा भरणा होता.

अग्निशमन सेवेतील तुलनात्मक संदर्भ

आपत्तीत कर्तव्य बजावताना तत्काळ येणारा मृत्यू समाजाच्या स्मरणात राहतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या स्फोटकांनी भरलेल्या जहाजाची आग विझविताना ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मे २०१५ मध्ये मुंबईतील काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीनंतर अग्निशमन दलाचे चार अधिकारी शहीद झाले, त्यांचेही स्मरण केले जाते. परंतु आगीतून सुखरूप बाहेर आलेला जवान वीस वर्षांनी फुफ्फुसाच्या किंवा मूत्राशयाच्या विकाराने गेला, तर त्याची नोंद त्या आगीच्या खात्यावर पडत नाही.

वास्तविक पाहता धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, बेंझिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी विषारी द्रव्ये असतात. जुन्या इमारतींच्या आगीत ॲसबेस्टॉसचे तंतूही मिसळतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ च्या बैठकीत अग्निशामकाचा व्यवसाय 'संभाव्य' कर्करोगकारक मानला होता. २०२२ मध्ये याच संस्थेने तो निश्चित कर्करोगकारक म्हणजे पहिल्या गटात समाविष्ट केला. मेसोथेलिओमा व मूत्राशयाचा कर्करोग यांबाबत पुरेसा पुरावा असल्याचे तिने नमूद केले.

बचावकार्यापुरता विचार केल्यास न्यूयॉर्कचे उदाहरण सर्वाधिक बोधप्रद आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी तेथील अग्निशमन दलाचे ३४३ जण मरण पावले. त्यानंतर कित्येक महिने धुळीत काम केलेल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे १२ हजार जणांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणाऱ्या श्वासाचे प्रमाण पहिल्याच वर्षी सरासरी ३७२ मिलिलिटरने घटल्याचे त्यात आढळून आले. वयोमानानुसार होणारी एवढी घट व्हायला साधारणतः १२ वर्षे लागतात. सप्टेंबर २०२३ पर्यंत त्या दलातील आजाराने मृत्यू पावलेल्यांची संख्या त्या दिवशीच्या मृतांच्या संख्येइतकी, म्हणजे ३४३ झाली.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एका बाबीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. ही घट मोजता आली ती केवळ यंत्रांमुळे नव्हे. त्या दलात प्रत्येक कर्मचाऱ्याची वैद्यकीय तपासणी आपत्तीपूर्वीच होत होती आणि तिची नोंद ठेवलेली होती. कोण केव्हा घटनास्थळी पोहोचला हेही कर्मचाऱ्यांकडून विचारून नोंदविले गेले. आधीची नोंद होती म्हणून नंतरचे नुकसान सिद्ध झाले व पुढे कायद्याने उपचार आणि भरपाई मिळाली.

किल्लारीबाबत काय म्हणता येईल?

न्यूयॉर्कची धूळ आणि किल्लारीची माती यांची सरसकट बरोबरी करणे अशास्त्रीय ठरेल. तेथे काँक्रीट, काच, ॲसबेस्टॉस व जळालेल्या इंधनाचे मिश्रण होते आणि काम महिनोन्महिने चालले. येथे माती, दगड व लाकूड होते. दख्खनच्या बेसाल्ट खडकात मुक्त सिलिकाचे प्रमाण अल्प असते आणि सिलिकोसिससारखा आजार साधारणपणे दीर्घकाळच्या संपर्काने जडतो. पावसानेही धूळ काही अंशी बसविली असणार. त्यामुळे काही दिवसांच्या बचावकार्याने फुफ्फुसाचा गंभीर विकार जडला असेल असे सरसकट विधान करता येत नाही. मात्र ढिगारा उपसण्याचे काम ज्यांनी प्रदीर्घ काळ केले, त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा होता.

मृतदेहांमुळे साथ पसरते ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. नैसर्गिक आपत्तीत आघाताने मृत्यू पावलेल्यांच्या देहांमुळे सर्वसाधारण लोकांत साथ पसरत नाही, असे जागतिक पातळीवरील मार्गदर्शन सांगते. धोका असतो तो प्रत्यक्ष देह हाताळणाऱ्यांना, विशेषतः रक्त व विष्ठेतून पसरणाऱ्या संसर्गाचा. म्हणजे साथीच्या भीतीने गावाची काळजी घेतली गेली; ज्याच्या हातात हातमोजे नव्हते त्याची काळजी वेगळी घ्यावी, असा विचार त्या काळी रूढच नव्हता.

सर्वाधिक टिकणारा परिणाम मनावरचा असावा, असे मानण्यास मात्र सबळ आधार आहे. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याविषयी १९९६ मध्ये एका अमेरिकी मनोविकार नियतकालिकात भारतीय अभ्यासकांचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के व्यक्तींमध्ये मानसिक विकार आढळल्याचे त्यात नमूद आहे. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनेही डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने या क्षेत्रात महत्त्वाचे काम केले. हे अभ्यास मोलाचे आहेत. परंतु त्यांचा केंद्रबिंदू घर व माणसे गमावलेला भूकंपग्रस्त हा होता. बाहेरून आलेला बचावकर्मी परत आपल्या गावी गेला आणि अभ्यासाच्या दृष्टिक्षेपातून निसटला. मृतदेह हाताळणाऱ्यांविषयी अन्यत्र झालेल्या संशोधनात असे दिसते की, मृताच्या जागी स्वतःचे माणूस दिसू लागले की मनावरील आघात अधिक खोल होतो. किल्लारी परिसरातील बचावकर्मी तर त्याच बोलीचा, त्याच नात्यागोत्यातला होता. ढिगाऱ्याखालील गणपतीची आरास त्याच्या घरातल्यासारखीच होती.

मुरुड व परिसरात भूकंपाच्या आठवणी आजही निघतात. भाकरींची गाठोडी, ट्रकची रांग, पाऊस, धूर हे सारे त्यात येते. स्वतःला नंतर झोप लागत होती की नाही, हे मात्र सांगणारा क्वचितच भेटतो. 'ज्यांचं गेलं त्यांच्यापुढं आपलं काय?' ही भावना त्यामागे असते. ती आदरणीय आहे. पण तिच्यामुळेच एक संपूर्ण अनुभवविश्व अबोल राहिले.

कायदा आणि कागद

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात व्यवसायजन्य आजारांची अनुसूची होती. परंतु ती कामगारासाठी होती. स्वयंसेवक हा कोणाचाच कामगार नसतो. १९९३ मध्ये स्वेच्छेने धावून गेलेल्या तरुणाचे नाव कोणत्याही आस्थापनेच्या पटावर नव्हते. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे पुनर्वसन झाले आणि लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. घराच्या प्रत्येक तड्याची प्रतवारी झाली, पण बचावकर्म्यांची यादी हा कार्यक्रमाचा विषयच नव्हता.

जी साधने होती तीही काळाच्या ओघात नष्ट होत आहेत. राज्य शासनाच्या अभिलेख वर्गीकरणानुसार 'अ' वर्गाचे कागद कायम, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क' वर्गाचे १० वर्षे ठेवले जातात. त्याखालील वर्गांची मुदत याहूनही कमी आहे. हजेरीपट, वाहनांच्या नोंदवह्या, कर्तव्य नोंदी असे दैनंदिन कागद अल्पमुदतीच्या वर्गात जाण्याचाच संभव अधिक. 'ब' वर्गाचीही ३० वर्षांची मुदत २०२३ च्या सुमारास उलटून गेली आहे.

निष्कर्ष

१) १९९३ चे बचावकार्य प्रामुख्याने अप्रशिक्षित व असंरक्षित माणसांनी केले. २) त्यांच्यावर झालेले शारीरिक परिणाम आज सिद्ध किंवा असिद्ध करता येत नाहीत, कारण आधीची तपासणी व सहभागाची नोंद या दोन्हींचा अभाव आहे. ३) मानसिक परिणामांची शक्यता सबळ असूनही हा गट स्वतंत्रपणे अभ्यासला गेला नाही. ४) नोंदीचा अभाव हा तटस्थ नसतो, ज्याची नोंद नाही त्याला उपचारही नाही व भरपाईही नाही.

सूचना

या संदर्भात लातूर, धाराशिव व नांदेड जिल्ह्यांतील महाविद्यालयांवर विशेष जबाबदारी येते. १९९३ मध्ये मदतीस गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची नावे राष्ट्रीय सेवा योजनेच्या जुन्या वह्यांत, अहवालांत, वार्षिकांकांत व छायाचित्रांत असू शकतात. ती प्रथम शोधून सुरक्षित करावीत. इतिहास व मानसशास्त्र विभागांनी संयुक्तपणे मौखिक मुलाखती घ्याव्यात आणि त्यात 'तुम्ही काय केले' यासोबत 'तुमचे नंतर काय झाले' हा प्रश्न अवश्य विचारावा. मुलाखत देणाऱ्याची संमती, गोपनीयता व गरज भासल्यास समुपदेशनाची सोय यांची काळजी घ्यावी. तसेच यापुढे पूर, आग वा अपघाताच्या प्रसंगी विद्यार्थी स्वयंसेवक पाठविताना त्याचे नाव, दिवस, तास व कामाचे स्वरूप यांची नोंद ठेवून पूर्वतपासणी व नंतरची तपासणी करावी. यासाठी मोठ्या निधीची नव्हे, एका नोंदवहीची आवश्यकता आहे.

त्यावेळी विशीत असलेले तरुण आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. चाळिशीतले सत्तरीच्या पुढे आहेत. भूकंपाच्या स्मृतिदिनी आपण मृतांना श्रद्धांजली वाहतो, ते उचितच आहे. त्यांना ढिगाऱ्यातून बाहेर काढणारे काहीजण अद्याप आपल्यात आहेत. ते सांगू शकतात तोपर्यंत त्यांचे ऐकून घेणे व लिहून ठेवणे हे या प्रदेशातील इतिहासाच्या अध्यापकांचे कर्तव्य ठरते.